लष्करी पितळाची ओळ

कडीना,
९ नोव्हेंबर १९७८

गार्फ,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच गार्फ.

आज सकाळी औषधाच्या दुकानात नेमबाजांचं मासिक आलं. दुकानातलं काम सोडून मला दोन वर्षं झाली, तरी नवा मालक माझा अंक बाजूला काढून ठेवतो. अंक हातात देताना म्हणाला, "मिसेस हॉकिंग, तुमच्या भावाने कमाल केली हो! पाच ठिकाणचं काडतुसांचं पितळ तोलून-मापून मांडलंय. काय चिकाटी म्हणायची या माणसाची!"

मी तिथेच उभ्याउभ्या अंक उघडला. वर ठळक अक्षरांत, 'कोणाचं पितळ किती टिकतं? – गार्फील्ड ट्रेनॉर्डन.' आणि खाली माझा तक्ता. माझा, गार्फ! पुढचं एक अक्षर मी वाचलं नाही. घरी आले आणि अंक चुलीत घातला.

चिकाटी म्हणे. चौदा महिने कोणी घासलं ते सांगू? फिनलंडचं, स्वीडनचं, दोन अमेरिकन कारखान्यांचं आणि आपल्या लष्कराच्या कारखान्यातलं, अशी प्रत्येकी चाळीस नळकांडी मी धुतली, वाळवली, औषधाच्या तराजूवर एकेक करून तोलली. प्रत्येकात थेंबाथेंबाने पाणी भरून पुन्हा तोललं, आत किती जागा आहे ते काढलं. मग दर शनिवारी चांदमारीवर जाऊन ती उडवली. उडालेलं पितळ गवतातून गुडघ्यांवर रांगत वेचलं, घरी आणून त्यात दारू-गोळी परत भरली. कोणाचा गळा सातव्या वेळी तडकला, कोणाचा बाराव्या वेळी, ते मी भिंगातून बघितलं. एकसष्टाव्या वर्षी! माझा उजवा खांदा वर्षभर निळाच होता.

आणि तू काय केलंस? तुझ्याकडे टाईपरायटर आहे म्हणून मी हाताने लिहिलेले कागद तुला पाठवले, ते तू दोन बोटांनी बडवलेस. सप्टेंबरात फोनवर विचारलं होतं, "छापण्याआधी बघायची प्रत आली का रे?" तर म्हणालास, "नाही अजून."

पुढच्या अंकात माझं नाव आलं पाहिजे. पूर्ण नाव. मर्ल हॉकिंग.

मर्ल


मरे ब्रिज,
१६ नोव्हेंबर १९७८

प्रिय मर्ल,

लेख चुलीत घातलास म्हणजे शेवटची ओळ वाचली नाहीसच. तिथे स्वच्छ छापलंय, 'या कामी कुटुंबाचं सहकार्य लाभलं.' कुटुंब म्हणजे तूच की! आव्हिस बायको असली तरी तिला काडतुसाचं तोंड कुठलं आणि बूड कुठलं तेही ठाऊक नाही.

जरा शांतपणे ऐक. एकोणीस वर्षं मी तिथे लिहितोय. इकडच्या मली भागातल्या शेतकऱ्यांना माझ्या नावाची सवय आहे. उद्या त्यांना सांगितलं की कडीनाच्या एका बाईने हे मोजलंय, तर 'केकची कृतीपण दिलीय का?' असं विचारतील. तुझे आकडे वाचले जावेत, लोकांच्या उपयोगी पडावेत, हेच तुला हवं होतं ना? मग ते झालं. वाक्यं माझी आहेत, आकडे तुझे. नुसत्या आकड्यांना कोण विचारतो?

आणि एक सांगतो, राग मानू नकोस. आधीच मानला आहेस म्हणा. रेल्वेने मला एक घड्याळ देऊन घरी पाठवलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा पोस्टमन माझ्या नावाचं काहीतरी घेऊन येतो, तेवढंच. तुला चर्च आहे, नातवंडं आहेत, गावभर ओळखी आहेत. एका लेखाने तुझं काय बिघडलं?

आव्हिसने तुझ्यासाठी जर्दाळूचा मुरंबा केलाय. नाताळला येशील तेव्हा घेऊन जा.

तुझा,
गार्फ


कडीना,
२२ नोव्हेंबर १९७८

गार्फ,

'कुटुंबाचं सहकार्य'! मला वाटलं होतं तू चोर आहेस. तू तर चोरलेल्या घराच्या मालकिणीला दारातून पाणी विचारणारा निघालास.

नाताळला मी येणार नाही. मुरंबा तुम्हीच खा. जानेवारीअखेरपर्यंत तू संपादकाला लिहिलं नाहीस, तर मी लिहीन, आणि माझी मोजणीची वही सोबत जोडीन.

मर्ल


मरे ब्रिज,
१७ जानेवारी १९७९

मर्ल,

दोन महिने आपण बोललो नाही, आणि आज हे असं लिहावं लागतंय.

गेल्या शनिवारी लॉक्स्टनच्या बाजूच्या एका चांदमारीवर अपघात झाला. लिंडसी रोडिगर म्हणून गव्हाचा शेतकरी आहे. चव्वेचाळीस वर्षांचा, दोन मुली. तिसऱ्या गोळीला नळकांड्याचं बूड फाटलं आणि तापलेला वायू रायफलच्या बोल्टमधून मागे आला, थेट तोंडावर. ॲडलेडच्या इस्पितळात आहे. उजवा डोळा गेला, असं काल डॉक्टरांनी सांगितलं.

पितळ लष्करी होतं. दारू तो आपल्या तक्त्यावरून भरत होता. मासिकाचं ते पान त्याने शेडमध्ये भिंतीला टाचून ठेवलं होतं म्हणे. संपादकाचा फोन आला तेव्हा मी तक्ता काढून बघितला. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीतले पाण्याचे आकडे उलटसुलट पडलेत. तिसऱ्या ओळीतल्या अमेरिकन पितळाची जागा चौथ्या ओळीतल्या लष्करी पितळाला लागलीय, आणि लष्करीची अमेरिकनला.

संपादकाला तू अजून लिहिलं नसशील, तर कृपा करून लिहू नकोस. तुझं नाव त्या पानावर नाही, यात समाधान मान. जे होईल ते माझ्या नावावर होईल.

गार्फ


कडीना,
२१ जानेवारी १९७९

गार्फ,

मी दुकानातून अंक मागून आणला आणि तो तक्ता आज पहिल्यांदा वाचला. वाचून झाल्यावर परसात जाऊन बसले. उन्हाने पायऱ्या भाजत होत्या, तरी उठवेना.

मग वही काढली. वहीत सगळं बरोबर आहे. लष्करी पितळ सगळ्यांत जड आणि त्यात पाणी सगळ्यांत कमी. ३ मार्चची मोजणी, चाळीसच्या चाळीस. म्हणजे तू टाईप करताना चुकलास. दोन बोटांनी बडवत होतास, तेव्हा तुझे डोळे कुठे होते?

बरं, चुकलास. पण लक्षात कसं आलं नाही? सगळी नळकांडी बाहेरून एकाच मापाची असतात, नाहीतर रायफलमध्ये जायचीच नाहीत. मग जड पितळ म्हणजे जाड भिंती, आणि जाड भिंती म्हणजे आत जागा कमी. तीच दारू कमी जागेत कोंडली की जोर वाढतो. हे बाबांनी तुला आणि मला एकाच टेबलाशी बसवून शिकवलं होतं. तुझ्या तक्त्यात सगळ्यांत जड नळकांड्यात सगळ्यांत जास्त पाणी मावतंय! एवढं ठळक खोटं तुला दिसलं नाही, कारण ते मोजणारे हात तुझे नव्हतेच.

आणि खाली तुझं ते वाक्य. माझ्या कागदात असलं काही नव्हतं, ते अस्सल तुझं. 'लष्करी पितळ आता सहज मिळू लागलंय आणि तक्त्यावरून दिसतंच की त्याच्या पोटात जागाही भरपूर आहे, तेव्हा बिनधास्त भरा.'

बिनधास्त! त्या माणसाचा डोळा गेला तुझ्या त्या एका शब्दापायी.

मी हाताने लिहिलेला कागद ताबडतोब परत पाठव. मी तो आणि वही घेऊन रोडिगरकडे जाणार आहे. मूळ कागद काय सांगत होता आणि छापलं काय गेलं, ते त्याला कळलं पाहिजे.

मर्ल


मरे ब्रिज,
२७ जानेवारी १९७९

मर्ल,

हो. टाईप करताना माझीच चूक झाली. संपादकाला तसं लिहून कळवलंय. लिहिणं बंद केलंय, इथल्या नेमबाजी क्लबचं चिटणीसपदही सोडलंय.

तुझा कागद नाही. टाईप झाल्यावर रद्दीत गेला, रद्दी जाळली. रोडिगरकडे जाऊ नकोस. तुझा यात काही संबंध नाही.

गार्फ


मरे ब्रिज,
४ फेब्रुवारी १९७९

प्रिय मर्ल,

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. लग्नाला अडतीस वर्षं झाली, गार्फच्या पाठीमागे मी आजवर असं काही केलं नव्हतं.

सोबत तुझा कागद पाठवतेय. गार्फने मला तो जाळायला दिला होता. मी जाळला नाही. ज्या दिवशी संपादकाचा फोन आला त्या दिवशी तो हा कागद घेऊन दुपारभर टेबलाशी बसला होता. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाला, "काही नाही. मी चुकलो, एवढंच." मग कागद माझ्या हातात दिला, "चुलीत टाक" म्हणाला, आणि बाहेर जाऊन टोमॅटोंना पाणी घालत राहिला. नुकतंच घातलं होतं, तरी घालत राहिला.

मला त्यातलं काही कळत नाही, पण तुझा कागद आणि छापलेलं पान शेजारी ठेवून आकडे जुळतात का एवढं मलाही बघता येतं. त्याने तुझं जसंच्या तसं उतरवलंय, मर्ल.

क्लबची माणसं आता त्याच्याशी बोलत नाहीत. परवा खाटकाच्या दुकानात एकजण माझ्यासमोर म्हणाला, "आंधळे करणारा आला." गार्फ गुमान मटण घेऊन बाहेर पडला. हे मला बघवत नाही. तुझं नाव त्याने चोरलं, तो त्याचा गुन्हा. त्यासाठी तू त्याला हवं ते बोल. पण जो गुन्हा त्याचा नाही त्यासाठी त्याने खाली मान घालून का फिरायचं?

त्याला सांगू नकोस असं मी म्हणणार नाही. तू सांगणारच.

आव्हिस


कडीना,
८ फेब्रुवारी १९७९

गार्फ,

कागद माझ्यासमोर आहे. अक्षर माझं, शाई माझी, कोपऱ्यात लोण्याचा डागही माझाच. त्या दिवशी चर्चच्या विक्रीसाठी मटण भरलेल्या पास्टी भाजत होते आणि वहीतून एकेक रकाना वरून खाली उतरवत होते. पाण्याचा रकाना लिहिताना दोनदा ओव्हन बघायला उठले. कुठे उठले तेही आता सांगू शकते. तिसऱ्या ओळीपाशी.

पस्तीस वर्षं मी औषधं तोलली. एकदाही चुकीची पुडी हातून गेली नाही, म्हणून मिरवत होते. आणि तुला लिहिलं, 'तुझे डोळे कुठे होते?' ते पत्र तू वाचलंस, खरं काय ते तुला ठाऊक होतं, आणि तू उत्तर दिलंस, 'हो, माझीच चूक.'

तू थोरपणा केलास असं तुला वाटत असेल. मी तुझे आभार मानीन असंही वाटत असेल. गार्फील्ड ट्रेनॉर्डन, आधी माझं बरोबर होतं ते चोरलंस, आता माझी चूकही चोरतोस? मला काही म्हणता काही माझं म्हणून ठेवू द्यायचं नाही, असं ठरवलंयस का तू?

काल संपादकाला फोन केला. त्याने सांगितलं, छापण्याआधीची प्रत ४ सप्टेंबरलाच तुझ्याकडे पाठवली होती. तू मला 'नाही अजून' म्हणालास, कारण तिच्यावर तुझं नाव होतं आणि ते मला दिसलं असतं. ती प्रत माझ्या हातात आली असती तर चौथी ओळ मला एका नजरेत खटकली असती. चूक माझी, पण तुझ्या चोरीच्या आडोशाला ती सुखरूप बसून राहिली.

आणि ऐक, मी स्वतःलाही सोडत नाहीये. ९ नोव्हेंबरला अंक माझ्या हातात होता. दोन मिनिटं खाली वाचलं असतं, तर त्याच दिवशी संपादकाला फोन गेला असता. जानेवारीपर्यंत नऊ आठवडे होते. मी तुझ्या नावावर चिडले आणि तो चुलीत घातला. लिंडसी रोडिगरचा डोळा माझ्या चुलीत गेला, असं मला आता दिवसातून दहादा वाटतं.

१७ तारखेच्या शनिवारी मी लॉक्स्टनला जातेय. तो आता घरी आलाय. तूही ये. माझ्या शेजारी उभा राहा आणि तुझं तू सांग, माझं मी सांगते.

आव्हिसवर आवाज चढवलास तर याद राख.

मर्ल


मरे ब्रिज,
१२ फेब्रुवारी १९७९

मर्ल,

मी येणार नाही.

तू म्हणतेस मी थोरपणा केला. थोरपणा कसला! लेखावर नाव माझं होतं, तर त्याखाली जे काही आहे ते माझं, एवढा साधा हिशेब मी केला. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की आपण एक गोष्ट तरी सरळ केली. तर तीही तुला खटकली. लहानपणी मी उत्तर सांगायचो आणि तू ते बाबांसमोर दुरुस्त करायचीस, आठवतं? मी चौसष्टाचा झालो, तरी तू माझा अपराधसुद्धा दुरुस्त करायला निघालीस.

प्रतीबद्दल म्हणालीस ते खरं आहे. ती चार दिवस माझ्या टेबलावर पडून होती. मी फक्त नाव नीट छापलंय का ते बघितलं आणि परत पाठवली. झालं समाधान?

त्या माणसासमोर उभं राहायची माझ्यात ताकद नाही. दरवर्षी नाताळला तो मला कार्ड पाठवायचा, कधी भेटलेलो नसताना. 'तुमच्या भरवशावर भरतो' असं लिहायचा. तुला जायचं तर जा. मला ओढू नकोस.

गार्फ


कडीना,
१९ फेब्रुवारी १९७९

गार्फ,

जाऊन आले. तुला ऐकायचं नसलं तरी सांगणार आहे.

घरी गेले तर त्याची बायको, एल्व्हा, दारात आली. मी नाव सांगितलं, ट्रेनॉर्डनची बहीण म्हणून. तिने जाळीचं दार उघडलंच नाही. आतूनच म्हणाली, "तो चांदमारीवर गेलाय. नेम धरता येत नाही, तरी जाऊन बसतो." मी तिकडे गेले.

शेडच्या सावलीत तो पालथ्या डब्यावर बसला होता. उंच माणूस. डोळ्यावर पांढरी पट्टी, गालावर बारीक काळे ठिपके, दारूचे. ते आता जायचे नाहीत. मी सगळं सांगितलं. मोजलं मी, कागदावर उतरवताना चुकले मी, छापण्याआधीची प्रत लपवून छापलं तू, आणि अंक न वाचता जाळला तोही मीच. माझं संपल्यावर म्हणाला, "बाई, कालपर्यंत मला एकाचा राग होता. तो बरा चालला होता. आता दोघांचा करायचा का?"

मी म्हटलं, "हो. वाटून करा."

"तो कुठाय?"

"आला नाही."

"हं," म्हणाला, आणि वाळूत काठीने रेघा ओढू लागला. मग म्हणाला, "मला एकट्याला सांगून काय उपयोग? माझ्या भिंतीवर ते पान होतं, तसं इथल्या प्रत्येकाच्या भिंतीवर आहे. त्यांना सांगा."

गोळीबार थांबवून त्याने सगळ्यांना बोलावलं. एकोणीस पुरुष होते. मी त्यांच्यासमोर उभी राहून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आवाज कापला नाही, हे तुला मुद्दाम सांगते. कोणत्या दोन ओळी उलट्या आहेत, लष्करी पितळात जागा खरी किती, सगळं वहीतून वाचून दाखवलं. तिघांनी तिथल्या तिथे आपली भरलेली काडतुसं पेटीत परत टाकली. गार्फ, तिघांनी! संपादकाची दुरुस्ती अजून छापून यायची होती आणि ती माणसं त्याच तक्त्यावर भरत होती. आपण दोघं पत्रांतून भांडत होतो तेव्हा.

मागून एकजण म्हणाला, "म्हणून म्हणतात, असली कामं बाईमाणसाच्या हाती देऊ नयेत."

मी काही बोलायच्या आत रोडिगर उठला. "गप, क्लॅरी. तिने मोजलं म्हणून नाही फुटलं. मोजणीत एक चूक नाही, आत्ताच ऐकलंस. भावाने लपवलं आणि बहिणीने वाचलं नाही, म्हणून फुटलं. आणि मीही नळकांडं हातात धरून विचार केला नाही, की एवढं जड लागतंय तर आत जागा कुठून असणार? पंचवीस वर्षं भरतोय मी. छापलेलं दिसलं की माणूस आपला हात विसरतो."

मग माझ्याकडे वळला. "मी माफ केलं असं समजू नका."

"समजणार नाही," मी म्हटलं.

"त्या बाकीच्या तीन ओळी खऱ्या आहेत?"

"आहेत. पण आता माझ्यावर विश्वास ठेवून नका वापरू. मी सगळं परत मोजणार आहे."

"मोजा," तो म्हणाला. "आणि छापायच्या आधी इथे पाठवा. वाचायला एक डोळा पुरतो."

चहा कोणी विचारला नाही. पाण्याच्या टाकीचा नळ उघडून ओंजळीने प्यायले आणि गाडीत बसले. परतीला मरे ब्रिजचा फाटा लागला. तुझ्याकडे वळावं असं एकदाही मनात आलं नाही.

मर्ल


मरे ब्रिज,
३ मार्च १९७९

मर्ल,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते तीनदा वाचलं. आव्हिसने मोठ्याने एकदा वाचून दाखवलं, ते चौथं. 'तिघांनी' या शब्दापाशी ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिची ती नजर तुझ्या सगळ्या पत्रांपेक्षा वाईट होती.

बुधवारी लॉक्स्टनला गेलो. त्याने दार उघडलं नाही. खिडकीतून बघितलं, ओळखलं आणि पडदा सोडला. मी अंगणात टोपी काढून तासभर उभा होतो, मग निघालो. त्याचं बरोबरच आहे. तुझ्याबरोबर आलो असतो तर निदान बोलणी खायला मिळाली असती.

मासिकाला दिलेला मजकूर खाली उतरवतोय. एप्रिलच्या अंकात पहिल्या पानावर येईल. संपादक म्हणाला, "एवढं उघडं कशाला?" मी म्हटलं, "एक शब्द कापलास तर मी ॲडलेडच्या वर्तमानपत्राकडे जाईन."

'नोव्हेंबरच्या अंकातला पितळाचा तक्ता माझा नव्हता. चौदा महिन्यांची सगळी मोजणी कडीनाच्या श्रीमती मर्ल हॉकिंग यांची आहे. मी ती माझ्या नावावर छापली. तक्ता उतरवताना त्यांच्या हातून दोन आकडे उलटे पडले. छापण्याआधीची प्रत त्यांना दाखवली असती तर ते त्यांना दिसले असते. मी ती त्यांच्यापासून लपवली. "बिनधास्त भरा" हे वाक्य माझं होतं. त्याला मोजणीचा कसलाच आधार नव्हता. यापुढे मी या मासिकात लिहिणार नाही. – गार्फील्ड ट्रेनॉर्डन.'

तुझी चूक मी तुझ्या नावावर लिहिली आहे, मर्ल. तुला हवी होती तशी.

यात काही दुरुस्त करायचं असेल तर २० तारखेपर्यंत कळव. या वेळी आधी दाखवतोय.

गार्फ


कडीना,
१८ जून १९७९

गार्फ,

मार्चमध्ये तुला उत्तर दिलं नाही, कारण दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. आणि राग गेला नव्हता. अजूनही गेलेला नाही. तुझं नाव पाकिटावर दिसलं की आधी माझा जबडा आवळतो, मग मी पाकीट फोडते.

एप्रिलचा अंक निघाल्यापासून सव्वीस पत्रं आली. नऊजणांनी शिव्या घातल्या आहेत. दोघांनी विचारलंय की एवढं वय झालेल्या बाईला हे उद्योग हवेतच कशाला. बाकीच्यांना आपापल्याकडचं पितळ मोजून हवंय. एकाने तर बिस्किटांच्या डब्यात शंभर नळकांडी पाठवली, ओळख ना पाळख. शिव्या घालणाऱ्यांना मी पहिल्यांदा उत्तरं लिहिली.

सगळी मोजणी नव्याने केली. या वेळी रकान्याने उतरवत नाही, ओळीने उतरवते, आणि प्रत्येक ओळ झाली की वहीशी मोठ्याने वाचून ताडते. नवरा म्हणतो, घरात प्रार्थना चालल्यासारखं वाटतं. लष्करी पितळाची ओळ मी सगळ्यांत वर घेतलीय आणि तिच्याखाली लाल शाईने लिहिलंय, की यात जागा सगळ्यांत कमी आहे, दारू कमी करून सुरुवात करा.

महिन्यापूर्वी कच्ची प्रत रोडिगरला पाठवली. बरोबर पत्र जोडायचं धाडस झालं नाही, नुसती प्रत पाठवली. शुक्रवारी परत आली. त्यानेही पत्र लिहिलेलं नाही. पण पेन्सिलीने पानन् पान तपासलंय, बेरजासुद्धा करून बघितल्यात. दोन चुका काढल्यात. एकीत दशांश चिन्ह एक घर सरकलं होतं, दुसरीत स्वीडनच्या जागी फिनलंड पडलं होतं. वहीशी ताडून पाहिलं. दोन्ही खऱ्या.

दोन्ही दुरुस्त करून आज नवी प्रत काढली, कार्बन घालून. एक रोडिगरकडे परत जातेय. दुसरी या पाकिटात आहे. तुझं नाव तिच्यावर कुठेही असणार नाही, सहकार्य म्हणूनसुद्धा नाही. पेन्सिल घे आणि वाच.

मर्ल